निम्म्याचं गणित आणि माराकायबोचं रक्त

१९६८ सालची गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर सकाळी कोर्टाकडे निघाल्या होत्या, ज्यूरीचं काम होतं. रस्ता ओलांडताना एक पोलीस त्यांच्यावर ओरडला: सकाळी सकाळी पिऊन फिरताय, लाज नाही वाटत? लिओनोर प्यायल्या नव्हत्या. वय ५३. आपली पावलं नीट पडत नाहीत, हे त्यांना त्या ओरडण्यामुळे कळलं.

कारण शोधायला फार लांब जावं लागणार नव्हतं. त्यांचे वडील हंटिंग्टनच्या विकाराने गेले होते, मेंदूच्या पेशी हळूहळू मारणाऱ्या एका आनुवंशिक रोगाने. तिन्ही भावांनाही १९५० साली तेच निदान झालं होतं. लिओनोर स्वतः प्राणिशास्त्र शिकलेल्या, कोलंबिया विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्या. तरीही घरात समज होता तो असा, की हा रोग पुरुषांनाच होतो.

हा समज अडाणीपणाचा म्हणून सोडून देऊ नये. वंशावळ कागदावर मांडून पाहा. बाप आजारी, तिन्ही मुलगे आजारी, मुलगी पन्नाशी ओलांडून ठणठणीत. आनुवंशिकता थोडीफार शिकलेला कुणीही म्हणेल, हा दोष वाय गुणसूत्रावर बसलेला दिसतो, बापाकडून फक्त मुलग्यांकडे जाणारा. उपलब्ध पुराव्यात हा तर्क चोख बसतो. चूक होती ती पुराव्याच्या लहानपणात. चार मुलांचं एक घर म्हणजे नाणं चार वेळा उडवणं, आणि चार वेळा उडवून सगळे छापे पडले म्हणजे नाणं खोटं असं होत नाही. चारही मुलांकडे दोष जाण्याची शक्यता सोळात एक. लिओनोर त्या सोळातल्या एका घरात जन्मल्या होत्या, एवढंच. हा सगळा विषय समजून घेताना हे घर मला कायम आठवतं, कारण पुढे नेमकं हेच झालं: खरं उत्तर मिळायला चार मुलांचं घर पुरलं नाही, हजारो माणसांचं एक घराणं लागलं.

लिओनोर यांचे पती मिल्टन वेक्सलर मनोविश्लेषक होते. लिओनोर यांच्यापासून ते तेव्हा वेगळे झाले होते. त्यांनी दोन्ही मुलींना बसवून सगळं सांगितलं. मोठी अॅलिस, पुढे इतिहासकार झाली. धाकटी नॅन्सी, विशीत होती, पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. तुमच्या आईला हा रोग आहे आणि तुम्हा प्रत्येकीला तो होण्याची शक्यता निम्मी आहे.

या 'निम्मी'चा अर्थ आपल्याकडे हमखास चुकतो. दोन मुली, शक्यता निम्मी, म्हणजे दोघींपैकी एकीला होणार, असं ऐकणारा मनात धरतो. आणि मग आपोआप बघायला लागतो की कोणती. पण प्रत्येक मुलासाठी नाणं नव्याने उडतं, आधीच्या वेळी काय पडलं हे त्याला ठाऊक नसतं. दोघींनाही होण्याची शक्यता पाव, दोघीही सुटण्याची शक्यता पाव, आणि एकीलाच होण्याची अर्धी. थोरलीला झालं म्हणून धाकटी वाचत नाही. घरात एकाने भोगलं की बाकीचे सुटले, हा हिशेब देवाधर्माचा असेल, गुणसूत्रांचा नाही.

निम्मी का, हे सोपं आहे. गुणसूत्रांच्या २३ जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक वडिलांचं. बीजपेशी तयार होताना जोडीतलं एकच पुढे जातं. हंटिंग्टनचा दोष जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर असतो आणि तेवढा एक पुरतो, म्हणून त्याला प्रभावी म्हणायचं. नववीच्या पुस्तकात आपण डाऊन, टर्नर, क्लाइनफेल्टर वाचतो. तिथे अख्खं गुणसूत्र जास्त किंवा कमी असतं, सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दिसतं. इथे मोजायला गेलात तर गुणसूत्रं बरोबर ४६ भरतात आणि दिसायलाही व्यवस्थित असतात. दोष आत, डीएनएच्या अक्षरांत असतो.

रोगाची चाल क्रूर आहे, आणि ती वेळेमुळे. बहुतेकांना तो तिशीच्या शेवटी किंवा चाळिशीत धरतो. आधी बोटं, खांदे, चेहरा नकळत हलायला लागतात. चाल नाचल्यासारखी होते. स्वभाव बदलतो, विचारांची साखळी तुटते, गिळणं अवघड होतं. पंधरा-वीस वर्षं हे चालतं. सुरुवात होईपर्यंत लग्न झालेलं असतं, मुलं शाळेत जात असतात. म्हणजे पुढच्या पिढीची नाणी उडवून झालेली असतात. आपल्याकडे अशी माणसं बघून कुणी दारू म्हणेल, कुणी अंगात आलं म्हणेल. लॉस एंजेलिसच्या पोलिसाने तरी वेगळं काय केलं?

रोगाला ज्याचं नाव आहे तो जॉर्ज हंटिंग्टन १८७२ साली अवघा २२ वर्षांचा डॉक्टर होता. आजोबा आणि वडील दोघेही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डॉक्टरकी करत. तिघांनी मिळून त्याच त्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं होतं. तरुण जॉर्जने लिहिलं, की हा रोग पिढी ओलांडून पुन्हा उगवत नाही. एखादा त्यातून सुटला की त्याच्या मुलानातवंडांसाठी धागा तुटतो. मेंडेलचं काम तेव्हा छापलेलं होतं, पण कुणी वाचत नव्हतं. ते जगाला पुन्हा सापडलं १९०० साली. गुणसूत्र, जनुक यातलं काही हाताशी नसताना एका घराण्याच्या तीन पिढ्यांच्या डॉक्टरकीतून प्रभावी वारशाचं अचूक वर्णन झालं होतं. असले डॉक्टर आता कुठे, असा विचार मनात येतो खरा.

आता व्हेनेझुएला. माराकायबो सरोवराच्या काठाला काही गरीब कोळी वस्त्या आहेत: सान लुइस, बारांकितास, आणि पाण्यात खांबांवर घरं असलेली लागुनेता. तिथे या रोगाला नुसतं 'एल माल' म्हणत, म्हणजे 'वाईट', 'पीडा'. अमेरिको नेग्रेत नावाच्या तिथल्याच डॉक्टरने १९५५ मध्ये ओळखलं, की हे दारुडे नाहीत, हे हंटिंग्टनचे रुग्ण आहेत. १९७२ मध्ये अमेरिकेत ओहायोला एका परिषदेत रामोन आविला-हिरोन या व्हेनेझुएलाच्या डॉक्टरांनी त्या वस्त्यांची फिल्म दाखवली. एकाच जागी इतके रुग्ण! युरोप-अमेरिकेत हा रोग लाखात दहाच्या आसपास माणसांना असतो.

याच रोगाच्या संशोधनात उतरलेल्या नॅन्सी १९७९ मध्ये पहिल्यांदा तिथे गेल्या, आणि १९८१ पासून दरवर्षी. पण पहिल्यांदा गेल्या त्या भलत्याच शोधात. कोलेस्टेरॉलच्या एका आनुवंशिक विकाराचं कोडं सुटलं होतं ते दोन्ही बाजूंनी दोष मिळालेल्या मुलांमुळे. मग हंटिंग्टनमध्येही आई आणि वडील दोघेही रुग्ण असतील अशा घरांतली, दोन्ही प्रती सदोष असलेली माणसं शोधावीत, असा विचार होता. जगात अशी घरं मिळणं जवळपास अशक्य. इथे मिळाली, कारण इथे हा रोग असलेली घराणी एकमेकांत सोयरिकी करत होती. दुसरं कोण होतं शेजारी?

वंशावळ मागे मागे नेत गेलं, की ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मारिया कोन्सेप्सिओन सोतो या एका बाईपाशी येऊन थांबते. पुढे या घराण्यांतल्या १८,००० हून जास्त माणसांची नोंद झाली, दहा पिढ्यांची. जवळजवळ चार हजारांनी रक्त दिलं.

रक्त द्यायला लोक आधी तयार नव्हते, आणि का असावेत? परदेशी माणसं येतात, सुई टोचतात, आणि जातात. यावर तोडगा निघाला तो एका परिचारिकेमुळे. तिने नॅन्सींचा हात धरून वर उचलला आणि गर्दीला दंडावरची खूण दाखवली. नॅन्सींनी स्वतःच्या कातडीचा तुकडा संशोधनासाठी दिला होता, त्याचा तो व्रण. हिच्याही घरात हाच रोग आहे, हिनेही दिलंय, बघा. त्यानंतर चित्र पालटलं. मला यातली गंमत अशी वाटते, की त्या गावातल्या लोकांना जनुक समजावून सांगण्याची गरजच नव्हती. बापाचं लेकरात उतरतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांना एवढंच बघायचं होतं, की समोरची बाई त्यांच्यातली आहे का.

रक्ताचं पुढे काय झालं? १९८० मध्ये चार शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली होती. दोषाचं जनुक दिसत नसेल तर त्याच्या शेजारची खूण शोधा, म्हणजे डीएनएतला माणसामाणसांत वेगळा दिसणारा एखादा तुकडा. शेतीच्या वाटणीवरून सांगतो. बीजपेशी तयार होताना आईकडची आणि वडिलांकडची जोडीदार गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात. वाटणीची रेघ जणू कुठेही पडू शकते. दोन शेतं एकमेकांपासून लांब असतील तर ती वेगवेगळ्या भावांकडे जाण्याची शक्यता भरपूर. पण बांधाला बांध लागून असतील, तर नेमकी त्याच बांधावरून रेघ जाणं दुर्मीळ, म्हणून ती एकाकडेच जातात. पिढ्यान्‌पिढ्या रोगासोबत जी खूण उतरते, ती रोगाच्या जनुकाला लागून आहे. ती कोणत्या गुणसूत्रावर आहे ते कळलं, की जनुकाचा पत्ता लागला.

हे ओळखायला मोठं घर लागतं. चार मुलांच्या घरात खूण आणि रोग योगायोगानेही सोबत दिसतील, लिओनोर यांच्या माहेरी पुरुषपण आणि रोग सोबत दिसले तसे.

बॉस्टनमध्ये जेम्स गुसेला या आनुवंशशास्त्रज्ञांनी कामाला सुरुवात केली तेव्हा अनेकांना वाटत होतं, की तीन अब्ज अक्षरांच्या पसाऱ्यात आयुष्य जाईल. पहिल्या डझनभर खुणांतच काम झालं. नशीबच म्हणायचं. 'जी-८' नावाची ती खूण, तिचे चार नमुने: ए, बी, सी, डी. व्हेनेझुएलाच्या घराण्यात रोग चालत होता तो सी नमुन्यासोबत. अमेरिकेतल्या एका घराण्यात ए सोबत. वाचणारा इथे अडखळतो: मग खूण एक कुठे झाली? जनुकाचा शेजार तोच आहे, पण शेजाऱ्याचा रंग घराण्याघराण्यात वेगळा. म्हणून दुसऱ्याच्या घरातली खूण घेऊन आपल्या घरात निदान करता येत नाही. आपल्याच नातेवाइकांचं रक्त हवं.

खूण बसली होती चौथ्या गुणसूत्रावर. नोव्हेंबर १९८३ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. अशा हिशेबात रोग आणि खूण शेजारी आहेत हे गृहीत धरलं तर मिळालेली आकडेवारी किती जास्त पटते, तो आकडा काढतात. हजारपट भरला तर मान्य करायचं, असा रिवाज. इथे दोन्ही घराण्यांचा मिळून सुमारे ३४ कोटीपट भरला. त्यातला सिंहाचा वाटा माराकायबोच्या रक्ताचा.

पत्ता लागला आणि दार उघडायला आणखी दहा वर्षं गेली. जनुक गुणसूत्राच्या अगदी टोकाशी होतं आणि वेगवेगळ्या घराण्यांतले पुरावे एकमेकांशी जुळत नव्हते. सहा प्रयोगशाळांचा गट, ५८ शास्त्रज्ञ, आणि मार्च १९९३ मध्ये जनुक हाती आलं. जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं एकामागोमाग पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांच्याच येतात. २६ वेळांपर्यंत काही बिघडत नाही. ४० किंवा त्याहून जास्त असतील तर माणूस पुरेसा जगला तर रोग होणारच. आणि धोका सुरू होतो तो ३६ पासून. ३६ ते ३९ मध्ये काहींना होतो, काहींना होत नाही. मराठी माणसाला हा आकडा वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तर पेढे, आणि एरवी छत्तीसचा आकडा म्हणजे पाठीला पाठ. ही तीन अक्षरं प्रथिनात ग्लुटामिन नावाच्या एका अमिनो आम्लाची साखळी बनवतात. ती साखळी लांबली, की प्रथिन नीट घडी घेत नाही आणि मेंदूच्या आतल्या भागातल्या पेशी हळूहळू मरायला लागतात.

यातून जुन्या डॉक्टरांना छळणारी एक गोष्ट सुटली. बाप पंचेचाळिशीत आजारी पडला आणि मुलगा पंचविशीत, हे का? पुनरावृत्तींचा हा पट्टा स्थिर नसतो. पुढच्या पिढीत जाताना तो वाढू शकतो, आणि विशेषतः शुक्रपेशी तयार होताना जास्त वाढतो. वीसच्या आत रोग सुरू झालेल्या मुलांमध्ये तो बहुधा बापाकडून आलेला असतो, आणि पुनरावृत्ती बहुतेकदा साठाच्या वर गेलेल्या असतात. मात्र आकड्यावरून तारीख सांगता येत नाही. आकडा मोठा तर रोग लवकर, हे खरं. पण ४० ते ५० च्या दरम्यान, जिथे बहुतेक रुग्ण असतात, तिथे एकाच आकड्याच्या दोन माणसांमध्ये वर्षानुवर्षांचं अंतर पडतं. २००४ मध्ये व्हेनेझुएलाच्याच घराण्यांवरून हे नीट दाखवलं गेलं: काही वाटा इतर जनुकांचा, काही परिस्थितीचा.

आणि ते दोन्ही प्रती सदोष असलेले लोक? सापडले. १९८७ मध्ये त्यांच्यावरचा शोधनिबंध आला. आई-वडील दोघेही रुग्ण, रोगाची खूण दोन्ही चौथ्या गुणसूत्रांवर, आणि तरी रोग एक प्रत सदोष असलेल्यांसारखाच, दुप्पट नाही. पूर्व विदर्भात किंवा नंदुरबारला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पाहिलेल्यांना हे विचित्र वाटेल. तिथे एक प्रत मिळालेला वाहक बहुधा धडधाकट असतो, दोन मिळालेला आजारी. तिथे माणसाकडे एक चांगली प्रत उरते आणि तिच्यावर काम भागतं. हंटिंग्टनमध्ये चांगली प्रत असून उपयोग नाही, कारण वाईट प्रत काम टाळत नाही, विष बनवते. एक थेंब काय आणि दोन काय. ज्या शोधासाठी नॅन्सी पहिल्यांदा सरोवरावर गेल्या होत्या त्याचं उत्तर असं आलं. प्रभावी म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता प्रकरणाचा अवघड भाग. १९८६ पासून रोग होणार का हे आधीच सांगणारी चाचणी मिळू लागली, १९९३ नंतर तर स्वतःचं एक छोटी बाटली रक्त पुरलं. चाचणी येण्याआधी धोक्यातली बहुतेक माणसं म्हणत होती, आली की घेऊ. आल्यावर बहुतेकांनी घेतली नाही. त्यांना भित्रं म्हणण्याआधी थांबावं. रोग थांबवणारं औषध नाही. हालचाली कमी करणारी औषधं आहेत, त्यातलं टेट्राबेनाझिन अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झालं, बस. मग चाचणी तुम्हाला देते काय? आज निम्मी शक्यता आहे, त्यात निम्मी आशा आहे. ती घालवून ठाम उत्तर घ्यायचं का, असा तो प्रश्न आहे.

त्यात आणखी एक पेच. समजा आजोबांना रोग आहे, आईने चाचणी नाकारली आहे, आणि २० वर्षांच्या नातवाला लग्नाआधी जाणून घ्यायचं आहे. त्याची शक्यता पाव. त्याचा निकाल वाईट आला तर आईचाही निकाल लागला, तिने न विचारता. दोष हवेतून येत नाही, तिच्यातूनच आला. एकाला जाणून घेण्याचा हक्क आणि दुसऱ्याला न जाणण्याचा, दोन्ही एकाच बाटलीत. म्हणून या चाचणीआधी समुपदेशनाच्या बैठका असतात आणि लहान मुलांची चाचणी आईबापांनी मागितली तरी करत नाहीत. आपल्याकडे, जिथे रिपोर्ट पेशंटच्या आधी काकांच्या व्हॉट्सअॅपवर पोहोचतो, तिथे हे पाळणं किती अवघड आहे ते सांगायला नको.

नॅन्सी यांनी चाचणी घेतली का? जिच्या कामामुळे चाचणी आली, तिला पत्रकार वर्षानुवर्षं हेच विचारत. त्या सांगत नसत. शोध लागण्यापूर्वी त्यांना वाटत होतं, की आपण घेऊ. मिल्टन यांनाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्ष वेळ आल्यावर वडिलांना जाणवलं, की दोन मुलींपैकी एकीचा जरी निकाल वाईट आला तर काय उरेल. दोघी बहिणींनी मूल होऊ दिलं नाही.

सरोवरावर १९९९ मध्ये रुग्णांसाठी एक आश्रयगृह सुरू झालं, 'कासा ओगार आमोर ई फे', प्रेम आणि श्रद्धेचं घर. २००२ नंतर अमेरिकी चमूचं तिथलं काम थांबलं, पुढे देशाची परिस्थिती ढासळली आणि ते घरही बंद पडलं. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये हंटिंग्टनच्या कुटुंबांना भेट दिली, त्यांत या वस्त्यांतली माणसंही होती. जगभरच्या रुग्णांची चाचणी ज्यांच्या रक्तावर उभी आहे, त्यांना त्या चाचणीचा आणि तिच्यासोबतच्या समुपदेशनाचा लाभ जवळपास मिळालाच नाही. संशोधकांची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. नॅन्सी वीस वर्षं तिथे जात राहिल्या. पण देण्याघेण्याचा हिशेब मांडला, तर तो निम्म्यावरही येत नाही.

मिल्टन २००७ मध्ये गेले, ९८ व्या वर्षी. त्यांच्या हयातीत धाकटीचा निकाल जगासमोर आला नाही. मार्च २०२० मध्ये, ७४ व्या वर्षी, नॅन्सी वेक्सलर यांनी जाहीर केलं की त्यांना हंटिंग्टन आहे. जवळच्या लोकांनी ते आधीच ओळखलं होतं. चाल डगमगत होती, बोलताना शब्द अडखळत होते, हात आपोआप हलत होते. १९६८ मध्ये एका पोलिसाने त्यांच्या आईत जे पाहिलं होतं, तेच.